आजीचे दोन हंडे

तोरणा किल्ल्याच्या पायथ्याला वेल्हे आहे. तिथून केळदकडे, मढे घाटाच्या दिशेनं जाणारा रस्ता कानद खोऱ्यातून जातो. या खोऱ्यात डोंगराच्या एका सोंडेवर एक वाडी आहे असं धरून चाला. तिचं नाव सांगत नाही, कारण अशी वाडी वेल्ह्यात आहे तशी भोरच्या हिरडस मावळातही सापडेल आणि वेळवंड खोऱ्यातही. वेल्हे तालुक्याचं नाव 2024 साली राजगड झालं, पण वाडी होती तशीच आहे. वीस-बावीस कौलारू घरं, खाली उतरत गेलेली भाताची खाचरं, मारुतीचं देऊळ आणि देवळाशेजारी अंगणवाडीची एक खोली.

या वाडीत दोन घरं एका भिंतीची होती, चुलत भावांची. एका घरात चिमी, दुसऱ्या घरात बाळू. दोघंही माघात तीन वर्षांची झाली होती, आठ दिवसांच्या फरकानं. जूनमध्ये शाळा उघडल्या की दोघांना अंगणवाडीत बसायचं होतं.

वैशाखातल्या एका सकाळी अंगणवाडीच्या ताई गृहभेटीला आल्या. हातात रजिस्टर, खांद्याला वजनकाट्याची पिशवी. ताई या दोन्ही पोरांना जन्मापासून ओळखत होत्या. दर महिन्याचं वजन त्यांनीच केलेलं, लसीच्या तारखा त्यांनीच आठवणीनं सांगितलेल्या, आणि पोरं सहा महिन्यांची झाल्यावर घरी न्यायच्या आहाराची पाकिटंही त्यांच्याच हातून आलेली. त्या दिवशी दोघांचं वजन झालं, उंची झाली, आकडे मोबाइलमध्ये भरून झाले आणि मग ताई ओट्यावर टेकल्या.

“आता ह्यांना रोज पाठवायचं,” त्या म्हणाल्या. “दप्तर नको. डबाही नको, खिचडी-उसळ तिथंच गरम मिळते. तहान लागली, शू लागली हे तोंडानं सांगता यावं. हात धुता यावेत, आपली चप्पल आपल्याला घालता यावी. कुणी विचारलं तर नाव सांगता यावं. बाकीचं मी बघते.”

“एवढंच?” बाळूच्या आईनं विचारलं.

“एवढंच,” ताई म्हणाल्या आणि पाणी पिऊन पुढच्या घरी गेल्या.

बाळूच्या आईला हे पटलं नाही. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. आठवीची शाळा दूर होती, ओढे ओलांडून जायचं, म्हणून वडिलांनी घरी बसवलं. आपल्याला जे मिळालं नाही ते बाळूला भरभरून मिळावं, हा तिचा ध्यास होता. तिचा नवरा पुण्यात कंपनीत कामाला, दर शनिवारी रात्री घरी यायचा. पुण्यातली पोरं तीन वर्षांची असताना इंग्रजी गाणी म्हणतात, हे तो सांगायचा आणि तिच्या पोटात गोळा यायचा. आपलं पोर मागं पडलं तर? या भीतीला कुणी हसू नये. डोंगरातल्या ज्या आईची शाळा आठवीच्या उंबऱ्यावर सुटली, तिची भीती खरीच असते.

मग तयारी सुरू झाली. भोरच्या बाजारातून गाडीचं चित्र असलेलं दप्तर आलं, नाडीचे बूट आले, पाण्याची बाटली, दोन खणांचा डबा, भिंतीवर लावायचा अंकांचा आणि एबीसीडीचा तक्ता आला. रोज संध्याकाळी बाळूला तक्त्यासमोर बसवून ती म्हणवून घ्यायची. पोरगं हुशार होतं. ज्येष्ठ लागेपर्यंत त्याचे वीसपर्यंतचे अंक पाठ झाले. पण जेवताना घास आईनं भरवायचा, पाणी आईनं तोंडाला लावायचं, बूट आईनं चढवायचे. त्याला मध्ये हात घालू द्यायला तिच्याकडे सवड नव्हती. म्हैस होती, सरपण होतं, पाणी होतं. आपण केलं की पटकन होतं, हे कुठल्याही कामाच्या बाईला समजेल.

पलीकडच्या घरात चिमीची आजी होती. ताई सांगून गेल्या ते तिनं मनात धरून ठेवलं. रात्री जेवणं झाल्यावर ती सुनेला म्हणाली, “आता सवड हाये. राब भाजून झालाय, पाऊस यायला महिना हाये. आखाडात लावणी लागली की तू चिखलात, मी चिखलात. तवा पोरीला पानी पाजायला कुनी नसंल. जे शिकवायचं ते आत्ताच.”

तिचा हिशोब सरळ होता. भोर-वेल्ह्यात आषाढ-श्रावणात घरं ओस पडतात. भात लावणीचे दिवस मोजके, पावसाच्या मर्जीवरचे. त्या दिवसांत घरातलं कामाचं प्रत्येक माणूस खाचरात असतं. अशा वेळी तीन वर्षांच्या पोराला चार तास सुरक्षित ठेवणारी, पोटभर खाऊ घालणारी जागा म्हणजे ही एक खोली. ती नव्हती तेव्हा पोरं बांधावर घोंगडीखाली भिजत बसायची, नाहीतर पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दिवस काढायची. त्या बहिणीची शाळाही मग गेलीच. म्हणून अंगणवाडीचा विषय निघाला की मला तो लहान वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आजीनं चिमीच्या हातात तांब्या दिला.

वैशाखात वाडीवर पाणी म्हणजे मोठी गोष्ट. या दोन तालुक्यांत धरणं आहेत. पानशेतचं पाणी पुणं पितं, भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती आणि फलटणपर्यंत जातं. पण वरच्या सोंडेवरची वाडी उन्हाळ्यात झऱ्यावरूनच डोक्यानं पाणी आणते. अशा पाण्याचा तांब्या तीन वर्षांच्या पोरीच्या हातात दिला तर काय होणार? पहिल्या दिवशी अर्धं पाणी भुईवर गेलं. सून चिडली.

“आत्याबाई, दोन हंड्यासाठी मी तास-तास उभी राहते, अन् तुम्ही ते भुईवर ओतताय?”

आजीला सुनेचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. तिनं तांब्या काढून मात्र घेतला नाही. पडवीच्या कोपऱ्याला गवती चहाचं एक बेट होतं, तिथं तिनं चिमीला नेऊन बसवलं. “हितं वत. सांडलं तर झाड पिईल.” पुढले सगळे दिवस चिमीनं तिथंच तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. आधी दोन्ही हातांनी, मग एका हातानं. सांडणं कमी होत गेलं. गवती चहा त्या उन्हाळ्यात हिरवागार राहिला आणि पोरगी आपलं पाणी आपण घेऊन पिऊ लागली.

मग गुंड्यांचा प्रश्न आला. चिमीच्या फ्रॉकला पाठीमागं गुंड्या. पाठीमागची गुंडी मोठ्या माणसालाही दुसऱ्याकडून लावून घ्यावी लागते. आजीनं फ्रॉक मागचा पुढं करून तिच्या अंगात घातला. गुंड्या आता पोटावर आल्या, पोरीला दिसू लागल्या.

“लोक काय म्हनतील?” सून म्हणाली.

“म्हनू देत. तिला लावता येतीय का बघ.”

चार दिवस गुंडी काजात जाईना. पाचव्या दिवशी एक गेली. चिमी ती एकच गुंडी लावून वाडीभर फिरली. चड्डीची नाडी काढून आजीनं इलॅस्टिक ओवलं, म्हणजे शू लागली की कुणाला हाक मारायला नको. या साध्या गोष्टी मी मुद्दाम तपशिलानं सांगतो आहे. पोराला जमत नाही असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा न जमणारा तो कपडा असतो, ती उंच खुंटी असते, ती जड बादली असते. पोराच्या उंचीला वस्तू आली की पोराला जमतं.

हेच काम महाराष्ट्रात दोन बायकांनी आयुष्यभर केलं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीनं मुलांना शिकवत होत्या. त्या पद्धतीचा गाभा मुलानं आपलं काम आपल्या हातानं करावं हाच आहे. पण तिची साधनं महाग आणि शहरी. ताराबाईंनी ती गरिबाच्या पोराला मिळावीत म्हणून 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई मूळच्या याच पुणे जिल्ह्यातल्या, 1910 साली मोरगावला जन्मलेल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ताराबाईंबरोबर बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या. साधनं म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, बांबू, खडे वापरले. पाड्यावरची मुलं शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावर नेली. घरांसमोरच्या अंगणात पोरं गोळा केली, त्यांची नखं कापली, त्यांना आंघोळ घातली, गाणी म्हटली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. देशात 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव गेलं, त्याच्या तीस वर्षं आधीपासून हे चाललं होतं. चिमीच्या आजीनं या दोघींचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण गवती चहाजवळ तांब्या घेऊन बसलेली ती म्हातारी त्यांच्याच वाटेवर होती, असं मला मनापासून वाटतं.

चप्पल मात्र चिमीला जमेना. म्हणजे घालता यायची, पण डावी उजव्या पायात. बाप घरी असला की खाली वाकून बदलायचा. आजी त्याला थांबवायची. “राहू दे. पायाला टोचलं की तिला कळंल.” पोरगी उलट्या चपलांनी देवळापर्यंत जायची, अंगठ्याला टोचायला लागलं की मध्येच बसकण मारायची आणि बदलून घ्यायची. कधी बदलून पुन्हा उलट्याच व्हायच्या. ती पुन्हा बसायची. “मपलं मीच,” हे तिचं त्या महिन्यातलं आवडतं वाक्य झालं.

नाव सांगण्याची गंमत वेगळी. पाहुणा येतो, पोराला विचारतो, “नाव काय रे तुझं?” आणि उत्तर आई देते. मग विचारतो, “कितवं वरीस?” तेही आईच सांगते. पोर पदराआड. आजीनं घरात सगळ्यांना बजावलं की पोरीला विचारलं तर पोरगीच बोलेल. एकदा वरच्या आळीचे म्हातारे बुवा आले. त्यांनी नाव विचारलं. कुणीच बोलेना. बुवांना वाटलं काहीतरी बिनसलंय. ते पुन्हा विचारणार तोच आजीनं हातानं थांबवलं. चुलीवरचा चहा उतू जाऊन खाली आला तरी सगळे गप्पच. शेवटी चिमी बोलली, नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एका दमात. बुवांनी तिला खिशातला गूळ दिला.

या सगळ्याच्या जोडीला आजीची एक जुनी खोड होती, तिला ती तयारी म्हणतच नव्हती. घरातून बाहेर जाताना ती चिमीला सांगून जायची. झऱ्यावर निघाली की पोरीसमोर बसायची, तिच्या तोंडाकडे बघून म्हणायची, “मी पान्याला चालले. दोन हंडं आनते अन् येते.” पोरगी भोकाड पसरायची. आजी तिला जवळ घ्यायची, पण निघायचीच. आणि एक हंडा आणून ठेवला, दुसरा आणला, की डोक्यावरची चुंबळ काढून आधी चिमीकडे जायची. “आले का न्हाई?” पहिल्या हंड्याला चिमी रडत असायची, दुसऱ्याला दारात उभी असायची. हळूहळू पोरगी पहिल्या हंड्यालाच म्हणू लागली, “आजे, आजून एक.” वीसपर्यंतचे अंक तिला येत नव्हते. तिला दोन येत होते, आणि दोन झाले की आजी येते हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भिंतीपलीकडे बाळूची आई वेगळं करायची. पोर रडलेलं तिला बघवायचं नाही. म्हणून ती त्याला खेळात गुंतवायची आणि मागच्या दारानं निघून जायची. “आत्ता येते हां,” असं म्हणायची आणि दुपारी यायची. मायेपोटीच करायची. आपल्यापैकी कितीजण असंच करतात. डोळ्यांदेखत पोर रडलं नाही म्हणजे पोराला दुःख झालं नाही, असं आपण मानतो. पण मागं काय घडतं ते आपण बघायला थांबत नाही. पोर खेळणं टाकून घरभर आईला शोधतं, आणि त्यातून एकच धडा शिकतं की मान वळवली की आई नाहीशी होते. मग ते मान वळवायचंच सोडून देतं. आई चुलीजवळ तर ते चुलीजवळ, आई गोठ्यात तर ते गोठ्यात.

जूनमध्ये शाळा उघडल्या. पहिल्या दिवशी वळवाचा एक सपाटा होऊन गेला होता, वाट निसरडी होती. बाळू नवे बूट, नवं दप्तर, बाटली, डबा अशा थाटात आईच्या कडेवर आला. बूट चिखलात घालवायचे नव्हते. चिमी आजीचं बोट धरून उलट्या चपलांनी आली.

अंगणवाडीच्या दारात ताई आणि मदतनीस मावशी उभ्या होत्या. आत जमिनीवर सतरंजी, भिंतीवर फळं, पक्षी, एक वजनाचा तक्ता, कोपऱ्यात लाकडी ठोकळे आणि चिंचोक्यांचा डबा. ताईंनी बाळूला नाव विचारलं. बाळूच्या आईनं सांगितलं. “एक, दोन म्हणून दाखव की ताईंना,” ती म्हणाली. बाळूनं तिच्या मानेत तोंड खुपसलं. मग मावशीनं त्याला ठोकळे दाखवले, तो क्षणभर खाली उतरला, आणि आई मागच्या मागं निघून गेली. पुढं काय झालं ते त्या वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं. पोरगं दारावर मुठी मारत होतं. बुटांच्या नाड्या सुटल्या, त्या त्याला बांधता येईनात. तहान लागली, बाटलीचं झाकण उघडेना, आणि सांगायचं कसं ते कळेना, म्हणून आणखी रडला.

चिमीही रडली. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत शहाणं पोर रडतच नाही असं दाखवायची रीत आहे. आजीनं खाली बसून सांगितलं, “तू खेळायचं, गानं म्हनायचं, खिचडी खायाची, ताटली धुवायची. ताटली धुतलीस की मी दारात.” आणि चिमीच्या समोरून, तिला दिसेल अशी, पायवाटेनं खाली गेली. चिमी खूप वेळ रडली. मग डोळे पुसून ताईंना म्हणाली, “खिचडी कवा?”

त्या दिवशी तिनं विचारलेला तो एकच प्रश्न, पण तो तिनं दहा वेळा विचारला असेल. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतल्या आहारातून रोज ठरावीक उष्मांक आणि प्रथिनं मिळावीत असा सरकारी नियम आहे. चिमीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी खिचडी म्हणजे वेळ मोजायचं माप होतं. खिचडी आली, तिनं आपल्या हातानं खाल्ली, थोडी सांडली, ताटली मोरीवर नेऊन धुतली आणि दारात येऊन उभी राहिली. आजी पायवाटेवर होती.

असं रोज होत गेलं. आठ-दहा दिवसांनी चिमीचं रडणं थांबलं. बाळूचं थांबेना. तो आत असायचा, पण खेळात नसायचा. ठोकळ्यावर ठोकळा ठेवताना डोळा दाराकडे. सगळ्या पोरांत अंक त्यालाच जास्त येत होते, ताईंनी विचारलं की पुटपुटायचाही, पण दारात सावली पडली की आकडा तोंडातच राहायचा. ताईंनी त्याच्या आईला दोनदा सांगितलं की सांगून जात जा. ती म्हणायची, “सांगितलं की लईच रडतोय वो.” आणि तसंच मागच्या मागं जायची.

आषाढात लावणी लागली. वाडीत सावड होती. आज याच्या खाचरात सगळे, उद्या त्याच्या. एक दिवस ओढ्यापलीकडच्या खाचरांवर सगळ्या बाया वाकल्या होत्या, पाठीवर प्लॅस्टिकचे कागद, पायाखाली गुडघाभर चिखल. चिमीची आजी त्यांत होती, बाळूची आईही होती. दुपारच्या आधीच तोरणा ढगात गेला आणि पावसानं झोड उठवली. ओढ्याचं पाणी लाल होऊन चढायला लागलं. आजीनं हातातली रोपाची मूठ खाली ठेवली आणि कंबर सरळ केली.

“मी निघते. पोरीच्या खिचडीची येळ झाली.”

“अवो आत्याबाई, ताई हायेत की,” एक बाई म्हणाली. “ह्या पावसात पोरं त्या सांभाळतील. अर्धं खाचर राहिलंय.”

“ताई सांभाळतील, मला ठावं हाये,” आजी म्हणाली. “पर मी पोरीला सांगितलंय.”

सावडीत मध्येच हात काढून घेणं बरं दिसत नाही. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली. “उद्याच्याला उजाडायच्या आत येईन अन् माझी राहिलेली वळ लावीन,” असं सांगून आजी काठीच्या आधारानं ओढा ओलांडून वाडीकडे गेली. तेव्हा पाणी गुडघ्यावर होतं. अर्ध्या तासानं ते कमरेच्या वर गेलं आणि उरलेल्या बायका पाणी उतरेपर्यंत खाचरांवरच अडकून पडल्या.

बाळूच्या आईला वाडीत पोचायला दिवस कलला. ताईंनी आणि मावशीनं पोरांना सोडलं नव्हतं. आत चार-पाच पोरं कोरडी बसली होती, एक-दोन झोपली होती. बाळू दारात उभा होता. खिचडी त्यानं खाल्ली नव्हती. आईला बघून तो धावत आला नाही. तिथंच उभा राहून तिला हातानं मारायला लागला.

त्या रात्री ती चिमीच्या आजीकडे आली. ओली लाकडं धुमसत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आत्याबाई, मी त्याच्यासाठी काय कमी केलं? दप्तर आनलं, बूट आनलं, तक्ता आनला. तुमच्या पोरीकडं तर काईच न्हाई. तरी ती राहती अन् माझं राहत न्हाई. तुमी काय केलं ते सांगा.”

“चिमीबी रडली की,” आजी म्हणाली. “आठ दिस रडली.”

“मग?”

“अगं, पोराला फसवून गेलं की त्ये दाराकडंच बघत ऱ्हातं. खरं सांगून गेलं की रडतं, पर रडून झाल्यावर खेळाकडं वळतं. अन् सांगितलं तसं यावं लागतं. एकदा जरी आपन खोटं ठरलो की पुन्हा त्ये आपल्यावर इसंबत न्हाई. दप्तर वाईट न्हाई. पर दप्तर आपल्याला उचलायचं. पोराचं पोराला उचलता यावं असं काई दे त्याला.”

ही या गोष्टीची शिकवण आहे आणि आजीनं ती सांगितली त्याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही. पोराला शाळेसाठी तयार करायचं तर त्याच्या हातांना त्याचं काम करू द्यावं, आणि आपण त्याला दिलेला शब्द पाळावा. यातलं काहीही बाजारात मिळत नाही, आणि गरिबाच्या घरी ते कमी पडेल असंही नाही. त्याला लागते ती सवड. डोंगरातल्या बाईकडे तीच सगळ्यांत कमी असते, म्हणून तिनं ती काढली की तिचं मोल फार मोठं मानावं. सगळा भार तिच्या एकटीवर टाकणं मात्र बरोबर नाही. बाळूचा बाप रविवारी घरी असायचा. बूट घालायला शिकवणं त्यालाही जमलं असतं. पुढं त्यानं ते केलंही. बूट बाजूला ठेवून दोन पट्ट्यांच्या साध्या चपला आणल्या आणि ओट्यावर पोरासमोर बसून राहिला, हात मागं बांधून, पोराची बोटं पट्ट्यात अडकेपर्यंत.

आजीशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूची आई त्याला घेऊन अंगणवाडीत आली ती कडेवर न घेता, चालवत. वेळ लागला. दारात आल्यावर ती मागं सरकली नाही. पोरासमोर उकिडवी बसली. अंगणवाडीच्या ओट्यावरून खालची खाचरं दिसतात. तिनं बोटानं दाखवलं.

“त्या उंबराखालची दोन खाचरं हायेत ना, ती लावायची. दोन झाली की मी येते.”

बाळूनं तिचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि जो सूर लावला तो आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा मोठा. तिचेही डोळे भरले. परत फिरावं असं तिला वाटलं, निसटून जावं असंही वाटलं. ताई काही बोलल्या नाहीत, फक्त बाळूच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तिनं पदर हळूच सोडवला, “दोन,” असं पुन्हा म्हणाली आणि पोराच्या डोळ्यांसमोरून पायवाट उतरून गेली. मधल्या वळणावर थांबून तिनं हात वर केला. तो रडतच होता.

त्या दिवशी तिनं दुसरं खाचर लावून झाल्यावर हात धुतले आणि निघाली. तिसरं सुरू करायला बायका थांबल्या होत्या, तरी निघाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी बाळू रडत रडत ओट्याच्या कडेला बसून खाली बघत राहिला, आणि पहिलं खाचर हिरवं झालेलं त्यानं पाहिलं. चिमी त्याच्याशेजारी येऊन बसली होती. “आजून एक,” ती त्याला म्हणाली. दोघं खिचडीला उठले. त्या दिवशी बाळूनं पहिल्यांदा आपल्या हातानं ताटली संपवली. मावशीनं ती रिकामी ताटली ताईंना उचलून दाखवली.

लावणी संपत आली तेव्हाची गोष्ट. पाऊस भुरभुरत होता. बाळू चपला स्वतः काढून दारात उभा राहिला. आई नेहमीसारखी खाली बसायला लागली, तर त्यानं तिच्याआधीच विचारलं.

“किती खाचरं?”

“आज एकच.”

“मंग जा,” बाळू म्हणाला आणि ठोकळ्यांकडे पळाला.